जुन्या रिव्हिजनची आपोआप सफाई: मॅनेजमेंट सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

यंत्रणा: चेक पॉइंट सिक्युरिटी मॅनेजमेंट सर्व्हर (फायरवॉलचे काम करणाऱ्या गेटवेंचे नियम, म्हणजे पॉलिसी, इथे ठरवून त्यांच्यावर चढवली जाते), आवृत्ती आर८१.२०, गाया ऑपरेटिंग सिस्टिम. एक प्रायमरी, एक सेकंडरी (त्याचा राखीव जोडीदार). मल्टी-डोमेन नाही. काम: डेटाबेसमध्ये साठलेल्या जुन्या रिव्हिजन (बदल पब्लिश, म्हणजे डेटाबेसमध्ये कायम, केला की मागे राहणाऱ्या आवृत्त्या) काढणे आणि पुढे त्या आपोआप निघतील अशी सोय करणे.

६ जानेवारी २०२५

आधी मोजमाप. रूट पार्टिशन ८६ टक्के भरलेले, लॉगच्या पार्टिशनला भरपूर जागा. म्हणजे वाढ लॉगची नाही, डेटाबेसची आहे. सीपीएमच्या (सर्व्हरवरील मुख्य मॅनेजमेंट प्रक्रियेच्या) पोस्टग्रेस डेटाबेसचा आकार ३१.४ जीबी. मागचे आकडे लावून पाहिले तर दर आठवड्याला सुमारे ६०० एमबी वाढ.

रिव्हिजन मोजायला एपीआयमधील (कमांडने सर्व्हर हाताळण्याच्या सोयीतील) शो-सेशन्स ही कमांड वापरली, पब्लिश झालेली सेशन्स दाखवण्याचा पर्याय चालू करून. सेशन म्हणजे एका बैठकीतील बदलांचा गठ्ठा; तो पब्लिश झाला की रिव्हिजन होते. उत्तरातील 'टोटल' या रकान्यात ११,४१२. सर्वांत जुनी १ एप्रिल २०२४ ची. म्हणजे २८० दिवसांत रोज सरासरी ४१.

कोणी केल्या हे वेगळे काढले, आणि खरे कारण तिथेच सापडले:
ऑटोमेशनचे खाते: ९,८७०
सिस्टिमचे अपडेट: ६४०
माणसांनी हाताने केलेले बदल: ९०२

पार्श्वभूमी इथेच लिहून ठेवतो, कारण नव्याने येणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो. आर७७ पर्यंत रिव्हिजन म्हणजे प्रशासकाने मुद्दाम काढून ठेवलेली प्रत. २०१६ मध्ये आलेल्या आर८० पासून प्रत्येक पब्लिशला एक रिव्हिजन तयार होते, कोणी मागो वा न मागो. तिच्यात पूर्ण डेटाबेसची नक्कल नसते, फक्त आधीच्या रिव्हिजनपासून झालेला फरक असतो. त्यामुळे एकेक रिव्हिजन जागा अगदी थोडी खाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्रास संख्येचा असतो, आणि तो उशिरा जाणवतो: एक्स्पोर्टला वेळ लागतो, सेकंडरीशी पूर्ण सिंक रेंगाळतो, अपग्रेडच्या आधीच्या तपासणीत जागा कमी पडते.

८ जानेवारी

आज फक्त एका प्रश्नावर काम: किती ठेवायच्या? पर्ज, म्हणजे जुन्या रिव्हिजन कायमच्या काढणे, मागे घेता येत नाही. निवडलेली रिव्हिजन आणि तिच्याआधीच्या सगळ्या जातात. मधलीच एखादी काढता किंवा राखता येत नाही. त्यामुळे सफाईच्या कमांडपेक्षा हा निर्णय मोठा.

रिव्हिजन नेमक्या कशासाठी लागतात ते मांडले.

पहिले, दोन तारखांमधील बदल शेजारी-शेजारी पाहणे. दुसरे, डेटाबेस मागच्या स्थितीला नेणे. तिसरे, इन्स्टॉलेशन हिस्टरीतून पॉलिसीची जुनी आवृत्ती पुन्हा गेटवेवर चढवणे. हे तिसरे सर्वांत निकडीचे, कारण त्याची गरज पडते तेव्हा वाहतूक बंद पडलेली असते आणि विचार करायला वेळ नसतो. रिव्हिजन पर्ज झाली की तिच्यावर टेकलेली जुनी आवृत्ती चढवता येत नाही.

ऑडिट विभागाची काळजी वेगळी होती: 'कोणी, कधी, काय बदलले' ही नोंद जाईल का? जात नाही. ऑडिट लॉग वेगळ्या फाइलमध्ये असतो, पर्ज त्याला हात लावत नाही. जाते ती रिव्हिजनवरून होणारी शेजारी-शेजारी तुलना. हा फरक त्यांना लेखी कळवला आणि ऑडिट लॉगची प्रत स्वतंत्र लॉग सर्व्हरवर रोज जाते याची खात्री करून घेतली.

मग संख्येने ठेवायच्या की दिवसांनी? संख्येचा नियम सोपा वाटतो, पण इथे तो घातक ठरला असता. 'शेवटच्या १०० ठेवा' म्हटले तर रोज ४१ च्या वेगाने अडीच दिवसही पुरत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी कोणी चुकीचा नियम पब्लिश केला तर सोमवारी सकाळी परत फिरायला जागाच नाही. ५०० ठेवल्या तरी जेमतेम १२ दिवस, आणि त्यातही माणसांनी केलेल्या रिव्हिजन सुमारे ४०. ज्या खऱ्या अर्थाने उपयोगाच्या, त्याच ऑटोमेशनच्या गर्दीत आधी बाहेर फेकल्या जातात.

ठरले: ९० दिवस.

सर्व गेटवेंवर शेवटची पॉलिसी कधी चढली तेही तपासले. एका दूरच्या ठिकाणच्या गेटवेवर ३ सप्टेंबर २०२४ नंतर पॉलिसी चढलेलीच नाही. तिथली वाहतूक पर्जमुळे थांबणार नाही; गेटवे स्वतःकडच्या तयार पॉलिसीवर चालतो. पण 'शेवटच्या इन्स्टॉलनंतर काय काय बदलले' ही तुलना हातची जाईल, आणि चार महिन्यांचे बदल आंधळेपणाने चढवावे लागतील. पर्जआधी त्या गेटवेवर देखभालीच्या वेळेत बदल नीट तपासून पॉलिसी चढवायची.

१० जानेवारी

नळ उघडा ठेवून जमीन पुसण्यात अर्थ नाही. आज ऑटोमेशनचा नळ.

पत्त्यांचे ऑब्जेक्ट भरणारी स्क्रिप्ट प्रत्येक ऑब्जेक्टनंतर पब्लिश करत होती. तीस पत्ते, तीस रिव्हिजन. शिवाय अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकमध्ये (ऑटोमेशनच्या त्या साधनाच्या कामांच्या यादीत) 'ऑटो_पब्लिश_सेशन' हा पर्याय प्रत्येक टास्कला चालू होता, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या दाराने.

बदल: सगळे ऑब्जेक्ट एका सेशनमध्ये भरायचे, शेवटी एकदाच पब्लिश. प्लेबुकमधून तो पर्याय काढला आणि शेवटी पब्लिशचे वेगळे टास्क जोडले.

दोन पथ्ये. एक, म्हणून हजारो बदल एकाच सेशनमध्ये कोंबू नयेत. शंभराच्या आसपास बदल झाले की पब्लिश करावे. पब्लिश न झालेल्या सेशनमधील ऑब्जेक्ट कुलुपात असतात आणि इतर प्रशासकांना ते बदलता येत नाहीत. दोन, स्क्रिप्ट मध्येच अडखळली तर तिने डिस्कार्ड करूनच (पब्लिश न झालेले बदल टाकून देऊनच) बाहेर पडले पाहिजे. पूर्वी हे न केल्यामुळे अर्धवट सेशन कुलुपांसकट मागे राहत. आता प्रत्येक मार्गाच्या शेवटी पब्लिश किंवा डिस्कार्ड, आणि मग लॉगआउट.

परिणाम संध्याकाळपर्यंत दिसला. दिवसाला ४१ ऐवजी ९ च्या आसपास.

१३ जानेवारी

पब्लिश न झालेली सेशन्स. पर्ज फक्त पब्लिश झालेल्यांवर चालतो. अर्धवट राहिलेल्यांना तो शिवत नाही. ३७ सापडली. त्यांतल्या २१ मध्ये शून्य बदल आणि शून्य कुलुपे, ती सरळ डिस्कार्ड केली. उरलेल्या १६ च्या मालकांना विचारूनच हात लावला. ११ डिस्कार्ड, ५ त्यांनी स्वतः पूर्ण करून पब्लिश केली. दुसऱ्याचे सेशन न विचारता डिस्कार्ड करणे म्हणजे त्याचे काम कायमचे पुसणे, तिथे परतीची वाट नाही.

१५ जानेवारी

बॅकअप. मायग्रेट_सर्व्हर या चेक पॉइंटच्या साधनाने एक्स्पोर्ट (२ तास ४० मिनिटे), फाइल सर्व्हरबाहेर हलवली, दोन्हीकडे चेकसम जुळवला. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट वेगळा.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबलो नाही. लॅबमधील रिकाम्या मशीनवर तो इम्पोर्ट करून पाहिला. ते मशीन गेटवेंपर्यंत पोहोचू शकणार नाही अशा अलग नेटवर्कमध्येच हवे. दोन मॅनेजमेंट सर्व्हर एकाच ओळखीने गेटवेंशी बोलू लागले तर मोठा घोळ होतो.

हेच मशीन पुढेही कामाचे आहे. पर्जनंतर कधी जुनी रिव्हिजन पाहायची वेळ आली तर चालू सर्व्हरवर बॅकअप चढवणे हा मार्ग नव्हे, त्याने मधले सगळे बदल जातात. लॅबमध्ये चढवायचा, तिथे पाहायचे, हवे ते हाताने इकडे करायचे. एक्स्पोर्टची ही फाइल वर्षभर ठेवणार.

१७ जानेवारी

लॅबमध्ये पर्जची चाचणी. एपीआयची कमांड पर्ज-पब्लिश्ड-सेशन्स. तिला दोनपैकी एक सांगायचे: किती सेशन्स राखायची (नंबर-ऑफ-सेशन्स-टू-प्रिझर्व्ह) किंवा कोणत्या तारखेपर्यंतची राखायची (प्रिझर्व्ह-टू-डेट).

हे दुसरे नाव फसवे आहे. वाचताना वाटते की दिलेल्या तारखेपर्यंतची, म्हणजे त्याआधीची, राहतील. प्रत्यक्षात आजपासून मागे त्या तारखेपर्यंत जायचे आणि तेवढी राखायची. तारखेच्या नंतरची राहतात, आधीची जातात. चालू सर्व्हरवर पहिल्यांदा चालवणाऱ्याने हे आधी लॅबमध्ये डोळ्यांनी पाहावे.

तारीख आयएसओच्या पद्धतीने, वर्ष-महिना-दिवस, आणि टाइमझोनसह लिहायची. दिवस आधी लिहिण्याच्या सवयीने ०५ आणि ०६ ची अदलाबदल झाली तर महिनाच बदलतो, आणि कमांड तक्रारही करत नाही, कारण तारीख वैध असते.

कमांड लगेच टास्क-आयडी देते, काम मागे चालू राहते. शो-टास्कने प्रगती पाहायची. टर्मिनल तुटले म्हणून काम थांबत नाही. पुन्हा लॉगिन करून त्याच आयडीने विचारावे, कमांड दुसऱ्यांदा मारू नये.

सगळे एकदम काढण्याऐवजी दोन-दोन महिन्यांचे तुकडे केले. एका तुकड्याला लॅबमध्ये २५ ते ३५ मिनिटे. त्या काळात डिस्कवर लिहिण्याचा ताण स्पष्ट दिसतो. मुद्दाम त्याच वेळी पॉलिसी पडताळणी चालवली, तर ती नेहमीच्या तिप्पट वेळ घेऊन संपली. चालू सर्व्हरवर पर्ज आणि पॉलिसी इन्स्टॉल एकत्र नको.

२० ते २२ जानेवारी

चालू सर्व्हर, तीन रात्री. पर्ज फक्त अ‍ॅक्टिव्ह सर्व्हरवर. दूरच्या गेटवेवर पॉलिसी १९ तारखेलाच चढवून घेतली होती.

२०: १ जून २०२४ च्या आधीच्या. ३१ मिनिटे.
२१: १ ऑगस्टच्या आधीच्या. २८ मिनिटे.
२२: २२ ऑक्टोबरच्या आधीच्या. ४४ मिनिटे.

प्रत्येक रात्री आधी सगळ्यांचे स्मार्टकन्सोल (प्रशासक वापरतात तो खिडक्यांचा प्रोग्राम) बंद, नंतर टास्कची स्थिती, सीपीएमच्या लॉगमध्ये चुका आहेत का, सीपीएम तयार असल्याचे दाखवणारी स्क्रिप्ट, आणि एक लहानसा बदल करून पब्लिश. शेवटी सेकंडरीचा सिंक.

उरल्या ३,३७४.

२३ जानेवारी

सकाळी रूट पार्टिशन: ८६ टक्के. डेटाबेस: ३१.४ जीबी. आठ हजार रिव्हिजन गेल्या आणि एक जीबीही मोकळा नाही. 'पर्ज झालाच नाही' असा निष्कर्ष इथे घाईने काढला जातो आणि माणसे आणखी पर्ज करत सुटतात, म्हणून हे सविस्तर.

पोस्टग्रेसमध्ये ओळ पुसली म्हणजे ती जागेवरून नाहीशी होत नाही. ती मृत म्हणून खूण होते. टेबलची फाइल ८ केबीच्या पानांनी बनलेली असते आणि मृत ओळी त्या पानांतच पडून असतात. नंतर व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची स्वतःची सफाई) येतो आणि त्या जागा 'पुन्हा वापरता येतील' अशा नोंदवतो. तरीही फाइल लहान होत नाही. अपवाद एकच: फाइलच्या अगदी शेवटची पाने पूर्ण रिकामी असतील तर तेवढे शेपूट कापले जाते. आपण काढल्या जुन्या रिव्हिजन, म्हणजे बहुतेक फाइलच्या सुरुवातीच्या आणि मधल्या भागातल्या. शेवटाला ताज्या ओळी बसलेल्या. म्हणून आकार तोच.

व्हॅक्यूम आपोआप कधी येतो? पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगनुसार टेबलमधील मृत ओळी ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्क्यांहून जास्त झाल्या की. ४० लाख ओळींच्या टेबलला ८ लाख मृत ओळी होईपर्यंत तो येत नाही. लहान लहान पर्जनंतर काहीच हालचाल दिसत नाही ती यामुळे.

टेबलांची आकडेवारी फक्त वाचून पाहिली. मोठ्या दोन टेबलांवर ऑटोव्हॅक्यूम रात्री येऊन गेलेला, पण मृत ओळी जवळपास तेवढ्याच. कारण सापडायला दुपार झाली. रात्रीचा एक्स्पोर्ट ११ वाजता सुरू होऊन १ वाजून ४० मिनिटांपर्यंत चालतो आणि तेवढा वेळ डेटाबेसमध्ये एक लांब व्यवहार उघडा दिसतो. असा व्यवहार ज्या क्षणाचे चित्र धरून बसतो, त्यानंतर मृत झालेल्या ओळी व्हॅक्यूमला काढता येत नाहीत, कारण त्या व्यवहाराच्या नजरेतून त्या अजून जिवंत असतात. आपला पर्ज साडेअकराला सुरू होत होता. व्हॅक्यूम आला, पाहिले आणि हात हलवत परत गेला.

दुपारनंतर ऑटोव्हॅक्यूम पुन्हा आला तेव्हा मृत ओळी उतरल्या. जागा आता आत मोकळी आहे, बाहेर दिसत नाही.

व्हॅक्यूम फुल करायचा का, हा प्रश्न आला. तो टेबल नव्याने लिहितो, त्यामुळे फाइल खरोखर लहान होते. पण तेवढ्या वेळात टेबलला पूर्ण कुलूप, वाचनसुद्धा बंद. आणि जुने टेबल असतानाच नवे लिहायचे म्हणून तेवढीच मोकळी जागा आधी हवी. भरत आलेल्या डिस्कवर हा उपाय अपघाताला आमंत्रण आहे. उत्पादकाच्या सपोर्टने सांगितल्याशिवाय या डेटाबेसवर हाताने लिहिणारी कोणतीही कमांड चालवायची नाही, हे ठरलेले आहे आणि ते तसेच राहील.

२७ जानेवारी

आता आपोआप. दोन वाटा: स्वतःची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून), किंवा सेट-ऑटोमॅटिक-पर्ज ही एपीआयची कमांड.

स्क्रिप्ट लिहून झाली होती, तिच्यातले खड्डे इथे नोंदवतो. इतर कामांना उपयोगी पडतील. क्रॉनला चेक पॉइंटचे पर्यावरण मिळत नाही, त्यामुळे हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री 'कमांड सापडली नाही' म्हणून गप्प मरते. पहिल्या ओळीतच सीपीची प्रोफाइल फाइल सोर्स करावी लागते. क्रॉनची नोंद क्लिशमधून (गायाच्या कमांड लाइनमधून) 'अ‍ॅड क्रॉन जॉब' ने करावी; फाइल हाताने बदलली तर गाया आपल्या सेटिंगमधून ती पुन्हा लिहितो आणि नोंद नाहीशी होते. एमजीएमटी_सीएलआयचे (एपीआयच्या कमांड चालवणाऱ्या साधनाचे) उत्तर पाइपने जेक्यूला (उत्तरातून हवे ते रकाने काढणाऱ्या साधनाला) दिले तर शेवटचा एक्झिट कोड जेक्यूचा मिळतो, मूळ कमांड फसली तरी शून्य. उत्तर आधी फाइलमध्ये, कोड तपासून मग जेक्यू.

तरीही अंगभूत सोय निवडली. सांभाळायला कमी, आणि स्क्रिप्ट लिहिणारा माणूस उद्या इथे नसला तरी सेटिंग एका कमांडने वाचता येते.

दिलेले मूल्य:
एनेबल्ड: ट्रू
कीप-सेशन्स-बाय-काउंट: फॉल्स
कीप-सेशन्स-बाय-डेज: ट्रू
नंबर-ऑफ-डेज-टू-कीप: ९०
शेड्युलिंगमध्ये टाइम-युनिट्स: अवर्स, चेक-इंटरव्हल: २४, स्टार्ट-डेट: २८ जानेवारी, पहाटे ३

पहाटे ३ का: एक्स्पोर्ट १:४० ला संपतो, आयपीएसचे (घुसखोरी रोखणाऱ्या संरक्षणाचे) अपडेट ५ ला येते, मधला काळ मोकळा. स्टार्ट-डेटला 'नाऊ' लिहिले असते तर पहिली फेरी भर दुपारी सुरू झाली असती आणि पुढच्या सगळ्या फेऱ्याही त्याच वेळेला. लावल्यावर शो-ऑटोमॅटिक-पर्जने परत वाचून घेतले.

३ फेब्रुवारी

आठवडाभर फेऱ्या नीट. डेटाबेस ३१.४ जीबीवरच थांबला. पूर्वी आठवड्याला ६०० एमबी वाढायचा, आता वाढ नाही. नव्या ओळी जुन्या मोकळ्या जागांत बसत आहेत. २३ तारखेच्या तर्काचा हा पुरावा.

एक्स्पोर्ट २ तास ४० मिनिटांवरून १ तास ३५ मिनिटांवर.

देखरेखीची स्क्रिप्ट लावली. मोजायचे काय यावर थोडा वाद झाला. एकूण संख्या फसवी आहे. कामाच्या गर्दीत ती वाढते आणि पर्ज बिघडला असे वाटते. सर्वांत जुन्या रिव्हिजनचे वय हाच खरा आकडा. ते ९३ दिवसांच्या पुढे गेले म्हणजे पर्ज चाललेला नाही, दुसरे कारण नाही.

१० फेब्रुवारी

देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये दोष. ती सांगत होती सर्वांत जुनी रिव्हिजन ३६ दिवसांची, स्मार्टकन्सोलमध्ये ९० दिवसांची दिसत होती. शो-सेशन्स एका वेळी जास्तीत जास्त ५०० नोंदी देते. स्क्रिप्ट पहिलेच पान वाचून त्यातली जुनी शोधत होती. हा दोष गंभीर, कारण पर्ज बंद पडला असता तरी इशारा आला नसता. आता ऑफसेट (किती नोंदी सोडून पुढचे वाचायचे तो आकडा) ५००-५०० ने पुढे नेत 'टोटल' पूर्ण होईपर्यंत सगळी पाने वाचली जातात. तपासण्यासाठी मर्यादा तात्पुरती ८५ दिवसांवर आणली, इशारा आला, परत ९३ केली.

१७ फेब्रुवारी

सेकंडरीला अ‍ॅक्टिव्ह करून पाहिले. शो-ऑटोमॅटिक-पर्जमध्ये तीच मूल्ये. त्या रात्रीची फेरी तिकडून झाली. पुन्हा प्रायमरी अ‍ॅक्टिव्ह केला. अदलाबदलीच्या कामाच्या यादीत ही तपासणी जोडली.

डिस्कवरची जागा खरोखर परत मिळवायची असेल तर पुढच्या अपग्रेडमध्ये: नव्या मशीनवर नवी आवृत्ती, जुन्याचा एक्स्पोर्ट, तिकडे इम्पोर्ट. डेटा नव्याने लिहिला जातो, त्यामुळे पोकळ पाने सोबत येत नाहीत. नव्या मशीनला रूट पार्टिशन सुरुवातीलाच मोठे द्यायचे.

बाकी: १० जानेवारीच्या आधीच्या गर्दीच्या रिव्हिजन ९० दिवसांची मुदत संपेल तशा रोज गळत जातील. १० एप्रिलला शेवटच्या जातील. रोज ९ या हिशेबाने त्या दिवशी एकूण संख्या ८१० च्या आसपास हवी. हजाराच्या वर असेल तर कोणत्या तरी प्लेबुकमध्ये ऑटो-पब्लिश पुन्हा शिरले आहे. खात्यांनुसार मोजणी काढून ते शोधायचे.